क्रूझमधला बंदरावरचा एक दिवस : नागपूरकर प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातून क्रूझला निघणाऱ्यांना बोटीविषयी फारसे विचारायचे नसते, कारण केबिन, जेवण आणि करमणुकीचे कार्यक्रम यांची माहिती तिकीट काढतानाच भरपूर मिळते. प्रश्न येतात ते बोट मधल्या एखाद्या बंदराला लागते त्या दिवसाविषयी. जवळच्यात जवळचा समुद्रही रात्रभराच्या प्रवासावर असल्यामुळे बंदर हे रेल्वे स्टेशनासारखे भरवस्तीत असेल आणि गाडी चुकली तर मागची मिळेल, असा आपला समज असतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्यांआधी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बोट बंदराला लागली की खाली उतरलेच पाहिजे का? आम्ही बोटीवरच राहिलो तर चालेल का?

चालेल. उतरणे ऐच्छिक असते आणि जेवणखाण नेहमीप्रमाणे चालू राहते. उलट त्या दिवशी पोहण्याचा तलाव रिकामा मिळतो, लिफ्टसाठी थांबावे लागत नाही आणि मालिशसारख्या सेवांवर सवलत असते. बोटीवरची दुकाने व कॅसिनो मात्र बंदरात असेपर्यंत सीमाशुल्काच्या नियमांमुळे बहुधा बंद राहतात. काही बंदरांत तेथील अधिकाऱ्यांना प्रत्येक प्रवासी एकदा समोर पाहायचा असतो. अशा वेळी न उतरणाऱ्यांनाही ठरलेल्या वेळी तपासणीला जावे लागते आणि ती वेळ आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या किंवा बोटीच्या ॲपवर दिसणाऱ्या दिनक्रमात दिलेली असते.

२. वेळापत्रकात ‘रोम’ लिहिले आहे. म्हणजे बोट रोमलाच लागणार ना?

नाही. रोमसाठी बोट चिविताव्हेक्या या बंदराला लागते आणि तेथून रोम साधारण ७० किलोमीटरवर आहे. फ्लॉरेन्स लिहिलेले असते तेव्हा बंदर असते लिव्होर्नो, अंतर सुमारे ९० किलोमीटर. पॅरिससाठी ल हाव्र, अंतर २०० किलोमीटरच्या आसपास. बर्लिनसाठी वार्नेम्युंडे, अंतर २०० किलोमीटरहून अधिक. आशियातही हाच प्रकार आहे. बँकॉकसाठी बोट लाम चाबांगला थांबते आणि शहर तेथून सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. क्वालालंपूरसाठी थांबा पोर्ट क्लांगला असतो, पण क्रूझ टर्मिनल पुलाऊ इंदाह या बेटावर असल्यामुळे तेथून शहर गाठायला मोटारीने तास-सव्वा तास सहज जातो. अगदी आपल्या गोव्यातही बोट वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात लागते. पणजी तेथून सुमारे ३० किलोमीटर आणि कळंगुट-बागा त्याहूनही पुढे.

याच्या उलट, पेनांगचा स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाउनच्या जुन्या वस्तीला लागूनच आहे आणि २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ती वस्ती पायी फिरता येते. म्हणून शहराच्या नावावर विसंबू नये. तिकिटावरील टर्मिनलचे नाव शोधावे आणि नकाशावर अंतर मोजताना त्या टर्मिनलच्या फाटकापासून मोजावे.

३. बोट सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बंदरात आहे. फिरायला नऊ तास मिळतील ना?

मिळत नाहीत, आणि सर्वाधिक घोटाळे याच हिशेबात होतात. आठ ही बोट धक्क्याला लागण्याची वेळ असते. त्यानंतर बंदराचे अधिकारी परवानगी देतात, मग जिन्यावर गर्दी होते आणि सामान्य प्रवासी बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ वाजतात. पाच ही बोट सुटण्याची वेळ असते. सर्व प्रवाशांनी बोटीवर परतण्याची वेळ बहुधा अर्धा तास आधीची, काही ठिकाणी तासभर आधीची असते. त्यात वाहतुकीची कोंडी आणि बंदराच्या फाटकावरची तपासणी यांसाठी किमान एक तास स्वतःहून राखून ठेवावा. म्हणजे साडेतीनला फाटकावर परतायचे आणि हातात पावणेसात तास उरतात.

आता हाच हिशेब रोमला लावून पाहू. धक्क्यापासून बंदराबाहेर आणि तेथून चिविताव्हेक्या स्टेशनपर्यंत बसने अर्धा-पाऊण तास, पुढे रेल्वेने साधारण तास-सव्वा तास. जाऊन-येऊन साडेतीन तास प्रवासातच जातात. रोमच्या रस्त्यावर उरतात सव्वातीन तास. एवढ्या वेळात कोलोसियम नीट पाहून होते किंवा व्हॅटिकनमधील संग्रहालये, दोन्ही होत नाहीत. ‘इतके पैसे भरले आहेत तर सगळे उरकून घेऊ’ हा आग्रह धरला की टॅक्सीच्या काचेतून सगळे दिसते आणि पाहून काहीच होत नाही. तिकिटे वेळेनुसार काढायची असतील, तर अकराच्या आधीची वेळ घेऊ नये. वारही तपासावा. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद असतात. कोचीतील मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी, तर तेथील ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते. इटलीत रेल्वेच्या संपाची घोषणा काही दिवस आधी होते, तीही निघण्यापूर्वी पाहून घ्यावी.

४. मोबाइलवर वेळ आपोआप बदलते, मग घड्याळाची काळजी कशाला?

नेमके म्हणूनच काळजी हवी. बोटीवर कोणती वेळ पाळायची हे कप्तान ठरवतो आणि ती किनाऱ्यावरील वेळेशी जुळतेच असे नाही. सिंगापूर व मलेशियाचे घड्याळ एकच आहे. थायलंडचे त्यांच्यापेक्षा एक तास मागे आणि भारताचे अडीच तास मागे. सिंगापूरहून निघून पेनांगमार्गे फुकेतला गेलेल्या बोटीने सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली, तर बोटीवर पाच वाजलेले असताना फुकेतमध्ये फिरणाऱ्याच्या मोबाइलवर चार दिसतात. तो निवांत शहाळे पीत बसतो आणि तिकडे बोटीवर नेणारी शेवटची होडी (प्रश्न ६ पाहा) निघून गेलेली असते. उपाय अगदी साधा आहे. मनगटावर काट्यांचे जुने घड्याळ बांधावे, उतरताना जिन्याजवळच्या फलकावरील वेळेशी ते जुळवून घ्यावे आणि दिवसभर त्याच घड्याळावर चालावे.

५. बोटीवाल्यांची सहल घ्यावी की स्वतः टॅक्सी करून फिरावे?

बोटीची सहल महाग असते, चाळीस-पन्नास माणसांच्या बसमधून जावे लागते आणि एखाद्या दुकानाचा थांबा त्यात हमखास असतो. तरीही तिचा एक मोठा फायदा आहे. सहलीची बस अडकली तर बोट तिच्यासाठी थांबते, किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी बोट थांबत नाही (प्रश्न १८ पाहा).

आमचे मत असे की, पाहायचे ठिकाण बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तर स्वतः फिरावे, तासाहून लांब असेल तर बोटीची सहल घ्यावी. मधल्या अंतरासाठी बरोबर कोण आहे हे पाहून ठरवावे. अथेन्सचे उदाहरण घ्या. पिरेयस बंदरापासून मेट्रोने शहराच्या मध्यभागी मोनास्तिराकीला वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते, पण क्रूझच्या धक्क्यापासून मेट्रो स्टेशनपर्यंतच दीड-दोन किलोमीटर अंतर आहे. तरुण जोडप्याला ते काहीच वाटणार नाही. आजीला घेऊन निघालेल्या कुटुंबाने धक्क्यावरूनच टॅक्सी करावी. अ‍ॅक्रोपोलिसचे तिकीट मात्र दोघांनीही वेळ ठरवून आधीच काढावे. कडक उन्हाळ्याच्या दिवसांत भरदुपारी ते काही तास बंद ठेवल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा सकाळचीच वेळ बरी.

६. ‘टेंडर पोर्ट’ म्हणजे काय?

जेथे पाणी उथळ असते किंवा मोठ्या बोटीजोगा धक्का नसतो, तेथे बोट खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. या होड्यांना टेंडर म्हणतात. सँटोरिनी, फुकेतचा पातोंग किनारा आणि लक्षद्वीपची बेटे ही याची उदाहरणे.

यात तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. होडीसाठी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते आणि बोटीच्या सहलीचे प्रवासी आधी सोडले जातात, त्यामुळे इतरांचा सकाळचा तासभर वाट पाहण्यात जातो. शेवटची होडी बोट सुटण्याच्या पुष्कळ आधी निघते आणि आपल्या दृष्टीने तीच शेवटची वेळ असते. तिसरी गोष्ट सँटोरिनीला जाणवते. जुन्या धक्क्यावरून वरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार आहे, नाहीतर ५८८ पायऱ्या. सकाळी चढताना रांग चालून जाते. दुपारी तीन-चार बोटींचे प्रवासी एकदमच खाली उतरू लागले की त्याच रांगेत दीड-दोन तास मोडू शकतात. जेवण झाल्यावर गावात रेंगाळण्यापेक्षा आधी केबल कारची रांग पाहून यावी.

७. उतरताना जवळ कोणती कागदपत्रे ठेवावीत? पासपोर्ट बोटीवर जमा असेल तर काय?

बोटीचे कार्ड आणि सरकारी छायाचित्र ओळखपत्र एवढे प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवे. सगळ्यांची कार्डे एकाच पिशवीत ठेवली आणि ती पिशवीवाली व्यक्ती मागे राहिली, तर बाकीचे सारे फाटकावर अडकतात. आशियातील अनेक फेऱ्यांत पासपोर्ट चढतानाच बोटीवर जमा करून घेतात. तो चिंतेचा विषय नाही, मात्र पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची छायाप्रत जवळ असावी. मूळ पासपोर्ट बरोबर हवा की नको, हे त्या बंदरावर अवलंबून असते आणि आदल्या दिवशीच्या सूचनेत तसे लिहिलेले असते. त्याच सूचनेच्या कागदावर बोटीच्या स्थानिक एजंटाचा फोन क्रमांक असतो. त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा, कारण त्याची गरज पडते तेव्हा कागद केबिनमध्येच असतो.

मुंबई–गोवा किंवा मुंबई–कोचीसारख्या देशांतर्गत फेरीत पासपोर्टची गरज नसते, आधार कार्डासारखे ओळखपत्र पुरते.

८. आम्ही त्या देशात उतरणारच नाही. तरी व्हिसा लागतो का?

बहुतेक वेळा लागतो. वाटेतल्या एका जरी देशाची आवश्यक कागदपत्रे नसली, तरी ‘आम्ही बोटीवरच बसून राहू’ हे कारण कंपन्या मान्य करत नाहीत आणि सुरुवातीच्या बंदरावरच चढू देत नाहीत. त्या वेळी पैसेही परत मिळत नाहीत.

यातला जास्त गुंतागुंतीचा भाग दुबार प्रवेशाचा आहे. पिरेयसहून निघालेली बोट तुर्कस्तानातील कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीक बेटांवर येते, तेव्हा प्रवासी शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडून पुन्हा आत येतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अशा फेरीला चालत नाही. अर्ज करतानाच बोटीचे पूर्ण वेळापत्रक जोडून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या फेरीलाही हाच विचार लावावा. शिवाय सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिन्ही देशांत आगमनाचा ऑनलाइन अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो. व्हिसामाफीच्या सवलती मुदतीच्या असतात. शेजारच्यांना मागल्या वर्षी व्हिसा लागला नव्हता, यावर अवलंबून न राहता त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे.

९. पैसे किती आणि कोणत्या स्वरूपात न्यावेत?

फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि त्या देशाच्या चलनातील थोडी सुटी रोकड. बोटीच्या काउंटरवर चलन बदलून मिळाले तरी दर चांगला नसतो. यूपीआय श्रीलंका आणि मॉरिशस येथे फेब्रुवारी २०२४ पासून चालते, पण दुकानदाराकडे तो क्यूआर कोड असेल तरच. म्हणून त्याच्या भरवशावर रिकाम्या खिशाने उतरू नये. टॅक्सी दिवसभरासाठी ठरवली असेल, तर भाडे माणशी आहे की गाडीचे, हे आधीच विचारावे आणि पूर्ण पैसे धक्क्यावर परतल्यावरच द्यावेत.

१०. रोमिंगचे पॅक घेतले आहे. तरीही मोबाइलचे बिल जास्त येते असे का म्हणतात?

बोट समुद्रात असताना मोबाइल आपोआप बोटीवरच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि ते नेटवर्क नेहमीच्या देशनिहाय पॅकमध्ये बहुधा येत नाही. बोट सुटली की मोबाइल विमान मोडवर टाकावा आणि पुढच्या बंदरात उतरल्यावरच काढावा. बंदराचा नकाशा आदल्या रात्रीच उतरवून घ्यावा.

११. संत्री, संत्रा बर्फी, चिवडा असे खाण्याचे पदार्थ बंदरावर घेऊन उतरता येते का?

ताजी फळे घेऊन उतरू नये, मग ती नागपूरहून नेलेली संत्री असोत की सकाळी बोटीच्या नाश्त्यातून पिशवीत टाकलेले केळे. फळे, बी-बियाणे, मांस आणि दुधाचे पदार्थ यांवर अनेक देशांत निर्बंध आहेत, कारण त्यांतून कीड आणि रोग येतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. तेथे धक्क्यावर कुत्री वास घेत फिरतात आणि घोषित न केलेल्या एका फळासाठीही जागेवर दंड होतो. बर्फी दुधाची असल्यामुळे ती अशा देशांत बोटीवरच राहू द्यावी. कारखान्यात बंद केलेली बिस्किटे किंवा चिवड्याचे पाकीट सहसा अडवत नाहीत, मात्र अर्जात खाद्यपदार्थाबद्दल विचारले असेल तर ‘होय’ लिहावे. घोषित केलेली वस्तू फार तर काढून घेतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे, तेव्हा दुबई-अबुधाबीकडच्या फेरीला घरच्या मसाल्यात ती पडली आहे का, हे पाहून घ्यावे.

१२. खर्रा नेता येईल का?

हा प्रश्न बहुधा दबक्या आवाजात विचारला जातो, पण विचारला जातो खूप. सिंगापूरला नेऊ नये. चघळण्याच्या तंबाखूवर तेथे पूर्ण बंदी आहे आणि खर्ऱ्यात तंबाखू असतेच. सिगारेटचे पाकीट जवळ असेल तर तेथे त्यावर कर भरावा लागतो, ई-सिगारेट तर सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे निषिद्ध आहे. च्युइंग गमही सिंगापुरात आणता येत नाही, आणि रस्त्यावर थुंकल्यास दंड होतो. ज्यांना खर्ऱ्याशिवाय दिवस निघत नाही, त्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून निकोटीनच्या गोळ्यांसारख्या पर्यायांची चौकशी करावी. मात्र सिंगापूरला तेही चालते का, हे तपासूनच सामानात ठेवावे.

१३. शाकाहारी जेवण बंदरावर मिळते का? आमच्याकडे जैन मंडळीही आहेत.

पेनांग आणि सिंगापूर या दोन्ही ठिकाणी लिटल इंडिया नावाची वस्ती आहे आणि तेथे शुद्ध शाकाहारी दक्षिण भारतीय जेवण सहज मिळते. थायलंडमध्ये ‘व्हेज’ म्हटले तरी माशाच्या रसापासून केलेले नाम प्ला बिनदिक्कत घालतात. तेथे ‘जे’ असे म्हणावे आणि पिवळ्या झेंड्याचे उपाहारगृह पाहावे. या पद्धतीत मांस-मासे-अंड्यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे जैन प्रवाशांनाही ते बरेचसे चालते. इतर कंदमुळे मात्र वेगळी सांगून वगळावी लागतात. इटलीत चीज नसलेला मारिनारा पिझ्झा मिळतो, त्यात लसूण असतो. पार्मेसान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, हे काटेकोर शाकाहारी लोकांनी ध्यानात ठेवावे. ग्रीसमध्ये ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपासाचे पदार्थ मागावेत. त्यांत मांस, अंडी, दूध नसते, पण कोळंबी वा कालवे असू शकतात, तेवढे विचारून घ्यावे.

अगदीच अडचण असेल तर भरपेट नाश्ता करून उतरावे आणि परत येऊन बोटीवर जेवावे. बहुतेक बोटींवर दुपारी उशिरापर्यंत काही ना काही मिळते.

१४. आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना बंदरावर उतरवावे का?

धक्क्याचे बंदर असेल तर जरूर उतरवावे. टेंडरच्या होडीत चढताना मात्र हलत्या पाण्यावर एक पाऊल टाकावे लागते आणि चाकांच्या खुर्चीचा प्रवासी घ्यायचा की नाही, हे लाटा पाहून त्या वेळी ठरते. उतारावरचे आणि फरसबंदीचे रस्ते गुडघ्यांना फार त्रास देतात. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हज या गुहांतील देवळाला २७२ पायऱ्या आहेत. खालच्या चौकात उभी असलेली ४२.७ मीटर उंचीची मुरुगनाची सोनेरी मूर्ती पायऱ्या न चढताही पाहता येते, तेव्हा वरच्या गुहेसाठी हट्ट धरू नये.

एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंश काढणाऱ्या नागपूरकराला पेनांगचे बत्तीस अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण आपल्या कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि अंग थंड होते. तेथील दमट हवेत तो वाळतच नाही, म्हणून थकवा लवकर येतो आणि तहान लागण्याआधीच अंगातले पाणी कमी होते. अकरा ते तीन बाहेर चालणे टाळावे, जवळ साखर-मीठ घातलेले पाणी ठेवावे, आणि दिवसाच्या औषधांबरोबर रात्रीचा डोसही खिशात असू द्यावा. तो कशासाठी, हे प्रश्न १८ मध्ये कळेल.

१५. आम्ही चौदा नातेवाईक एकत्र आहोत. सगळ्यांनी एकत्रच फिरावे का?

नको. चौदा जणांचा वेग हा सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो, आणि आत्याची चप्पल, पुतण्याचा फोटो, काकांचा चहा असे करत प्रत्येक थांब्यावर पाव तास वाढतो. चार-पाच जणांचे गट करावेत, प्रत्येक गटात घड्याळ सांभाळणारी एक व्यक्ती ठरवावी आणि भेटीची जागा बोटीच्या धक्क्यावरच ठेवावी, गावातल्या एखाद्या चौकात नाही. एक गट उशिरा येत असेल तर बाकीच्यांनी बाहेर त्याची वाट न पाहता बोटीवर चढावे. संख्या जास्त असल्याचा एक लाभही आहे. एकत्र ठरवलेली खासगी मिनीबस माणशी हिशेबाने बोटीच्या सहलीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

१६. बंदरावर घेतलेली वस्तू बोटीवर नेऊ देतात का? बोटीने सुचवलेली दुकाने विश्वासू असतात का?

परतताना सामान विमानतळासारखे यंत्रातून जाते. दारूची बाटली घेतली असेल तर ती बहुधा जमा करून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरताना परत देतात. मोठे सुरे, इस्त्री आणि विजेची किटली यांनाही अडवतात. सिंगापूरला परतणाऱ्या फेरीत आणखी एक अट आहे. मलेशियातून येणाऱ्या प्रवाशाला करमुक्त दारूची सवलत मिळत नाही, त्यामुळे लंकावीला स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली बाटली सिंगापूरला महाग पडू शकते.

सुचवलेल्या दुकानांनी त्या यादीत येण्यासाठी पैसे मोजलेले असतात. म्हणून ती फसवी ठरत नाहीत, पण स्वस्तही नसतात. रत्ने आणि दागिने यांबाबत आमचा सल्ला सरळ आहे : इतवारीच्या सराफ्यात ज्याला पारख करता येत नाही, त्याने परक्या बंदरात तासाभरात ती करू नये.

१७. बोट बंदराला लागलीच नाही तर पैसे परत मिळतात का?

फार थोडे. वारा, लाटा, बंदरातील गर्दी किंवा एखाद्या रुग्णाची तातडी यांमुळे थांबा रद्द करण्याचा पूर्ण अधिकार कप्तानाला असतो आणि तिकिटाच्या अटींत तसे लिहिलेले असते. बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते, तेही बहुधा बोटीवरच्या खात्यात. बोटीची सहल घेतली असेल तिचे पैसे परत येतात. स्वतंत्रपणे ठरवलेल्या सहलीचे येतीलच असे नाही. म्हणून ठरवताना ‘बोट न आल्यास पूर्ण परतावा’ ही अट लेखी घ्यावी. टेंडरच्या बंदरात (प्रश्न ६) ही शक्यता अधिक असते.

१८. उशीर झाला आणि बोट निघून गेली तर काय करायचे?

बोट सुटण्यापूर्वी कोण परतले नाही हे कार्डांच्या नोंदीवरून लगेच कळते. काही वेळ हाका मारतात, फोन करतात. मग अनेकदा कर्मचारी त्या प्रवाशाचा पासपोर्ट केबिनच्या तिजोरीतून किंवा रिसेप्शनकडून काढून स्थानिक एजंटाकडे देतात आणि बोट सुटते. धक्क्यावर पळत येणारी माणसे वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्यांना गंमत वाटते, पळणाऱ्याला मात्र ती महागात पडते.

अशा वेळी सर्वप्रथम एजंटाला फोन करावा (क्रमांक कोठे असतो ते प्रश्न ७ मध्ये दिले आहे). पुढच्या बंदराला जाण्याचा खर्च, हॉटेल आणि लागल्यास नवा व्हिसा हे सारे स्वतःचे असते. पुढचे बंदर दुसऱ्या देशात असेल तर तेथे विमानाने उतरण्याचे नियम बोटीने उतरण्यापेक्षा वेगळे असू शकतात, हे एजंटाला आधी विचारून मगच तिकीट काढावे. प्रवासविमा घेताना बोट चुकण्याचा धोका त्यात आहे का, हे पाहावे. साध्या विम्यात तो नसतो. उशीर होणार असे दिसताच, म्हणजे तासभर आधी, केलेला फोन बोट सुटल्यावर केलेल्या दहा फोनांपेक्षा उपयोगी पडतो.

१९. मधल्याच बंदरात फेरी सोडून घरी परतता येते का? कोचीला उतरून पुढे केरळ फिरायचे आहे.

आपल्या मनाने नाही. प्रवाशांची यादी आधीच अधिकाऱ्यांकडे गेलेली असते, त्यामुळे कंपनीची लेखी परवानगी काही दिवस आधी काढावी लागते. देशांतर्गत फेरीत ती मिळू शकते. आंतरराष्ट्रीय फेरीत काही देशांच्या कायद्यांमुळे ती नाकारली जाते किंवा प्रवाशाकडून दंड वसूल होतो. उरलेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आजारपणाची गोष्ट वेगळी. तेव्हा बोटीवरचे डॉक्टरच उतरवण्याचा निर्णय घेतात.

२०. लक्षद्वीपच्या थांब्यासाठी वेगळे नियम आहेत का? शिंपले-प्रवाळ आणता येतात का?

भारतीय नागरिकांनाही लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो. बोटीच्या फेरीत तो साधारणतः कंपनीमार्फत निघतो, मात्र मागितलेली माहिती मुदतीत द्यावी लागते. बेटांवर दारूबंदी आहे, बंगाराम तेवढे अपवाद. प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर आपोआप आलेला असला तरी, उचलू नये. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि परतताना सामान तपासले जाते. मुलांना हे होडीत बसण्यापूर्वीच सांगावे.

२१. शेवटच्या दिवशी बोट सकाळी मुंबईला लागते आणि नागपूरची गाडी रात्रीची आहे. मधला दिवस सामानासह कसा काढावा?

बॅलार्ड पिअरवरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दोन किलोमीटरच्या आत आहे. तेथील सामानघरात बॅगा ठेवाव्यात. बॅगेला कुलूप आणि जवळ रेल्वेचे तिकीट असावे लागते. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेटवेचा परिसर निवांत पाहून होतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि इतर दिवशीही होडीचा वेळ धरून अर्ध्या दिवसाचे काम आहे, म्हणून सातच्या सुमारास सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस असेल तर तो बेत टाळावा.

दुरांतोचे तिकीट असणाऱ्यांनी तारीख पुन्हा पाहावी. ती गाडी मध्यरात्रीनंतर पाव तासाने सुटते, म्हणून रविवारी सकाळी बोटीवरून उतरणाऱ्याला सोमवारच्या तारखेचे तिकीट लागते. रविवारचे काढले असेल तर ती गाडी बोट मुंबईत शिरण्याआधीच निघून गेलेली असते. तसेच शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळी घालायचे कपडे, चपला, औषधे, ओळखपत्र आणि हे तिकीट त्या बॅगेत जाऊ देऊ नये.